माणूस म्हणजे लॉगिन नव्हे!

सबमिशनचे दिवस जवळ आले की कम्प्युटर लॅबमध्ये ठरलेलं दृश्य दिसतं. कुणाची ‘लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम’, कुणाची ‘हॉस्टेल मॅनेजमेंट सिस्टीम’, तर कुणाचं कॉलेज फेस्टचं रजिस्ट्रेशन. प्रोजेक्टचं नाव काहीही असो, डेटाबेस उघडला की पहिलं टेबल तेच: ‘युजर्स’. त्यात आयडी, नाव, ईमेल, मोबाइल, पासवर्ड आणि शेवटी रोल. लॉगिन चालतं, डॅशबोर्ड उघडतो, एक्स्टर्नल मान हलवतात, मार्क पडतात. मग बिघडलं कुठे?

खरी माणसं ते वापरायला लागेपर्यंत काहीच बिघडत नाही. माझं बिघडलं ते त्यानंतर.

मी टीवायला होते. कॅम्पस प्लेसमेंटच्या नोंदणीसाठी एक छोटी वेबसाइट करून द्यायचं काम आमच्या सरांनी मला दिलं. मी खूश! आठवडाभरात तयार केली. टेबल एकच. त्यात प्रत्येक ओळीची ओळख म्हणून, म्हणजे प्रायमरी की म्हणून, मी मोबाइल नंबर घेतला. प्रत्येकाकडे असतो आणि दोघांचा सारखा नसतो, असं माझं गणित. वर आणखी एक हुशारी केली. आलेला नंबर टेबलमध्ये आधीच असेल तर नवी ओळ घालायची नाही, जुनीच अपडेट करायची. डुप्लिकेट नोंदींची कटकटच नको!

टेस्टच्या दिवशी सकाळी एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी गेटवर उभी होती. यादीत तिचं नाव नव्हतं. नोंदणी झाल्याच्या पानाची प्रिंट तिच्या हातात होती. कंपनीची माणसं म्हणाली, यादीत नाव असेल तरच आत. सरांनी विनंती करून पाहिली, पण उपयोग झाला नाही. यादीत तिच्या धाकट्या भावाचं नाव मात्र होतं. तो बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. तिच्यानंतर दोन दिवसांनी त्याने फॉर्म भरला होता. घरात फोन एकच होता, वडिलांचा, आणि दोघांनीही तोच नंबर दिला होता.

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. भावाच्या फॉर्मने बहिणीची ओळ पुसून टाकली. तिचं नाव, मार्क, ईमेल सगळं गेलं. एरर आला नाही, इशारा आला नाही. भाऊ परीक्षेला बसला, बहीण दुपारच्या एसटीने घरी गेली.

संध्याकाळी मी डेटाबेस उघडून बसले. त्याने काहीही चुकीचं केलं नव्हतं. एक मोबाइल म्हणजे एक माणूस, असं मी त्याला सांगितलं होतं आणि ते त्याने निमूटपणे पाळलं होतं.

ही ओळ नेमकी कुणाबद्दल आहे?

रिलेशनल डेटाबेसची मूळ कल्पना १९७० सालची. एडगर कॉड हा इंग्लंडमध्ये जन्मलेला गणिती तेव्हा आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत होता. त्या वर्षी त्याचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. डेटा टेबलांमध्ये, म्हणजे ‘रिलेशन’मध्ये मांडायचा आणि तो आत कसा साठवलाय याची काळजी वापरणाऱ्याने करायची नाही, हा त्याचा गाभा. या कामासाठी त्याला १९८१ साली ट्युरिंग पुरस्कार मिळाला. आज मायएसक्यूएल असो, पोस्टग्रेस असो की ऑरॅकल, सगळ्यांचं मूळ तिथेच आहे.

त्यातून आपल्या कामाची गोष्ट घ्यायची ती एवढीच: टेबलातली प्रत्येक ओळ म्हणजे एक विधान असतं. ‘या क्रमांकाच्या व्यक्तीचं नाव हे, जन्मतारीख ही.’ म्हणून टेबल करायच्या आधी विचारायचं, की हे विधान नक्की कुणाबद्दल आहे?

आता ‘युजर्स’कडे परत बघा. नाव आणि जन्मतारीख माणसाची आहे. पासवर्ड माणसाचा नाही, खात्याचा आहे. ‘शेवटचं लॉगिन’ हीसुद्धा खात्याचीच गोष्ट. ‘रोल’ म्हणजे माणसाचं कॉलेजशी असलेलं नातं. तीन वेगळ्या गोष्टींबद्दलची विधानं आपण एकाच ओळीत कोंबलेली असतात.

पटत नसेल तर स्वतःच्या कॉलेजकडे बघा. ॲडमिशन झालेला, पण एकदाही लॉगिन न केलेला एफवायचा मुलगा आहे: माणूस आहे, खातं नाही. फॉर्मवर पालक म्हणून सही करणारी आई आहे: तिची नोंद हवी, लॉगिन कशाला? उलट ‘परीक्षा विभाग’ या नावाचं एक लॉगिन असतं, त्यामागे ठरलेला एक माणूस नसतो. हजेरीचं मशीन डेटाबेसशी बोलतं तेही स्वतःच्या खात्यातून, आणि मशीनला जन्मतारीख नसते. ‘कमवा आणि शिका’ योजनेत लायब्ररीत काम करणारी मुलगी सकाळी विद्यार्थी असते आणि दुपारी पुस्तकं इश्यू करते. एखादे सर तासिका तत्त्वावर शिकवतात आणि त्याच विद्यापीठात पीएचडीही करतात. त्यांच्या ‘रोल’च्या रकान्यात काय लिहिणार?

मग टेबलं किती करायची?

घाबरू नका, पाच पुरतात.

पहिलं ‘व्यक्ती’. यात व्यक्ती क्रमांक, नाव, जन्मतारीख. पासवर्डचा इथे काही संबंध नाही.

दुसरं ‘खाते’. यात खाते क्रमांक, लॉगिन नाव, पासवर्डचा हॅश, खातं चालू आहे की बंद, आणि व्यक्ती क्रमांक. हा शेवटचा रकाना म्हणजे फॉरेन की: हे खातं कुणाचं, ते ‘व्यक्ती’ टेबलकडे बोट दाखवून सांगणारा. लॉगिन नाव मात्र युनिक हवं, नाहीतर दोघे एकाच नावाने दार ठोठावतील.

तिसरं ‘संपर्क’. यात व्यक्ती क्रमांक, प्रकार (मोबाइल की ईमेल), प्रत्यक्ष नंबर किंवा पत्ता, आणि तो पडताळलाय की नाही. एका माणसाचे दोन नंबर असू शकतात, तसेच दोन माणसांचा नंबर एक असू शकतो. म्हणून इथे नंबर युनिक ठेवायचा नाही. माझ्या चुकीवरचा उतारा हाच होता.

चौथं ‘भूमिका’. यात व्यक्ती क्रमांक, भूमिका, कधीपासून, कधीपर्यंत. लायब्ररीत काम करणाऱ्या मुलीच्या इथे दोन ओळी येतील आणि दोन्ही खऱ्या असतील.

पाचवं ‘लॉगिन नोंद’. कोणत्या खात्यातून, किती वाजता, जमलं की फसलं. त्याबद्दल पुढे बोलूच.

यातली एक गंमत व्हायवालाही विचारतात. एका माणसाला एकच खातं की अनेक, हे ठरतं कुठे? ‘खाते’ टेबलमधल्या व्यक्ती क्रमांकावर. त्या रकान्यावर ‘युनिक’ची अट घातली तर एका माणसाला जास्तीत जास्त एक खातं. ती अट काढली तर हवी तितकी. आणि तो रकाना रिकामा, म्हणजे ‘नल’ ठेवायची मुभा दिली, तर मशीनच्या आणि विभागाच्या खात्यांनाही जागा मिळते. एवढा मोठा निर्णय, आणि तो एका-दोन शब्दांत होतो. म्हणूनच तो सवयीने टाइप करायचा नाही, विचार करून करायचा.

ओळख कशाने पटवायची?

मोबाइल नंबर प्रायमरी की म्हणून का नको, याला वडिलांच्या फोनशिवाय आणखी एक कारण आहे. बंद झालेला नंबर कायमचा निवृत्त होत नाही. आपल्याकडे किमान ९० दिवस उलटल्यावर तो दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. म्हणजे आज जो नंबर तुमचा, तो उद्या अनोळखी माणसाचा. कॉलेजने दिलेला ईमेल पास आउट झाल्यावर बंद होतो. पीआरएन विद्यापीठापुरता असतो, एमएला दुसऱ्या विद्यापीठात गेलात की नवा मिळतो. आणि आधार? सगळ्यांच्या मनात पहिलं उत्तर तेच येतं. पण की म्हणून वापरलेला क्रमांक प्रत्येक टेबलमध्ये, प्रत्येक रिपोर्टमध्ये फिरत राहतो. इतकी नाजूक माहिती फेस्टच्या नोंदणीसाठी गोळा करायची गरजच काय?

म्हणून डेटाबेसला स्वतःचा, अर्थ नसलेला क्रमांक देऊ द्यायचा: १, २, ३... अर्थच नसल्यामुळे तो बदलायची वेळ येत नाही. पुस्तकांत याला ‘सरोगेट की’ म्हणतात.

पण इथेच अनेक जण दुसऱ्या खड्ड्यात पडतात. असा क्रमांक दिला म्हणजे डुप्लिकेट टळले, असं नाही. एकाच मुलीने दोनदा फॉर्म भरला तर डेटाबेस तिला खुशाल ४१ आणि ५७ असे दोन क्रमांक देईल. म्हणून खऱ्या जगातली जी ओळख खरंच एकमेव आहे तिच्यावर वेगळी युनिक अट हवीच. कॉलेजपुरती ती विद्यापीठाचं नाव आणि पीआरएन यांची जोडी असू शकते. आणि तीच नोंद पुन्हा आली तर गुपचूप अपडेट करायचं नाही, थांबायचं आणि विचारायचं: ‘या पीआरएनने आधीच नोंदणी झाली आहे. ती तुम्हीच केली होती का?’ तो एक प्रश्न मी विचारायला हवा होता.

नावात काय काय असतं!

‘फर्स्ट नेम, मिडल नेम, लास्ट नेम’ असे तीन रकाने आपण डोळे झाकून करतो. ते महाराष्ट्रातसुद्धा चालतीलच असं नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम राज्य सरकारने ठरवला आहे. म्हणजे चार भाग. काही जण आडनाव लावतच नाहीत. दक्षिणेकडून शिकायला आलेल्या तुमच्या हॉस्टेलमधल्या मित्राचं ‘लास्ट नेम’ अनेकदा त्याच्या वडिलांचं नाव असतं. म्हणून पूर्ण नाव माणूस जसं लिहितो तसं एका रकान्यात ठेवावं, आणि खरंच गरज असेल तरच तुकडे वेगळे घ्यावेत.

नाव बदलतंही. लग्नानंतर कुणी बदलतं, कुणी नाही, कुणी गॅझेटमध्ये देऊन स्वतःहून बदलतं. पण दहावीची मार्कशीट जुन्याच नावाची राहते. जुनं नाव पुसून नवं लिहिलंत तर कागद आणि रेकॉर्ड जुळत नाहीत, आणि खेटे घालावे लागतात त्या मुलीला. यावर उपाय म्हणजे नावांचं वेगळं टेबल: व्यक्ती क्रमांक, नाव, कधीपासून, कधीपर्यंत. माणूस तोच, नावाच्या ओळी दोन.

आणि हो, देवनागरीची जागा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. ‘कुलकर्णी’ आपल्याला चार अक्षरं दिसतात, पण मात्रा, वेलांटी आणि हलन्त धरून चिन्हं होतात ८, म्हणजे २४ बाइट. एखाद्या सिस्टीममध्ये रकान्याची लांबी बाइटमध्ये मोजली जात असेल आणि तुम्ही ती ३० ठेवली असेल, तर आडनावातच जागा संपली! मायएसक्यूएल वापरत असाल तर यूटीएफ-८-एमबी-४ हा कॅरेक्टर सेट निवडा. जुन्या यूटीएफ-८ मध्ये देवनागरी बसते, पण ४ बाइटचे इमोजी बसत नाहीत.

पासवर्ड वेगळा का ठेवायचा?

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. फेस्टचा कोऑर्डिनेटर तुम्हाला म्हणतो, ‘अरे, सगळ्यांची यादी एक्सेलमध्ये दे ना पटकन.’ तुम्ही ‘युजर्स’ टेबल एक्सपोर्ट करता आणि फाइल व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकता. त्यात पासवर्डचा रकानाही गेला! ‘व्यक्ती’ आणि ‘खाते’ वेगळे असते तर यादीसाठी ‘खाते’ला हात लावायची गरजच पडली नसती. इतकंच नाही, ज्याला फक्त याद्या काढायच्या आहेत त्याला ‘खाते’ टेबल वाचायची परवानगीच द्यायची नाही, असंही डेटाबेसला सांगता येतं.

बरं, ‘खाते’मध्येही खरा पासवर्ड ठेवायचाच नाही. २००९ मध्ये रॉकयू या कंपनीचा डेटा फुटला, तेव्हा ३ कोटींहून जास्त पासवर्ड साध्या अक्षरांत उघडे पडले. २०१२ मध्ये लिंक्डइनचे फुटले. ते हॅश केलेले होते, पण सॉल्ट नव्हतं. सॉल्ट म्हणजे प्रत्येक पासवर्डमध्ये मिसळायचा वेगळा, रँडम मजकूर. ते नसेल तर सारख्या पासवर्डचा हॅशही सारखाच दिसतो आणि एक फोडला की हजारो फुटतात. गंमत म्हणजे सॉल्टची कल्पना तेव्हा नवी नव्हती. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी युनिक्समधला हा उपाय १९७९ मध्येच लिहून ठेवला होता.

आज तुम्ही काय वापरावं? मुद्दाम हळू चालणारे, पासवर्डसाठीच बनवलेले हॅश: १९९९ पासूनचा बीक्रिप्ट, किंवा २०१५ मध्ये पासवर्ड हॅशिंगची स्पर्धा जिंकलेला आर्गॉन-२. एमडी-५ नको. ते झटपट चालतं, आणि त्याचा फायदा चोराला होतो. सॉल्ट कसं घालायचं याची चिंताही तुम्ही करायची नाही, या लायब्ररी ते स्वतः घालतात.

लॉगिनची वही

सोसायटीच्या गेटवर वॉचमन वही ठेवतो. कोण, किती वाजता आलं, ते लिहितो. नवा पाहुणा आला म्हणून आधीची ओळ खोडत नाही. ‘लास्ट लॉगिन’ असा एकच रकाना ठेवला की आपण नेमकं तेच करतो: प्रत्येक वेळी आधीची वेळ खोडतो. मग ‘माझ्या खात्यातून रात्री दोन वाजता कुणीतरी फॉर्म बदलला’ अशी तक्रार आली, तर दाखवायला काहीच नसतं. म्हणून लॉगिनचं वेगळं टेबल, आणि त्यात फक्त भर घालायची.

फसलेले प्रयत्नही लिहायचे. एका खात्यावर पाच मिनिटांत पन्नास चुकीचे पासवर्ड पडले, तर ते दिसलं पाहिजे. पण चुकीचं टाइप केलेलं लॉगिन नाव जसंच्या तसं साठवू नका. घाईत लोक नावाच्या चौकटीत पासवर्ड टाइप करतात, आणि मग तुमच्या वहीत तो साध्या अक्षरांत कायमचा बसतो. खातं सापडलं तर खाते क्रमांक लिहा, नाही सापडलं तर तो रकाना रिकामा ठेवा.

ही वही किती दिवस ठेवायची, हेही आधीच ठरवा. कोण कधी लॉगिन करतं, ही खासगी माहितीच आहे. २०२३ मध्ये आपल्याकडे डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा संमत झाला. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी वापरायची आणि काम संपल्यावर पुसायची, हे त्यातलं एक मुख्य तत्त्व. नोकरीला लागलात की हे रोजच्या कामात येणारच आहे, मग सवय आत्ताच लावलेली बरी.

पुसण्यावरून आठवलं. फॉरेन कीबरोबर ‘ऑन डिलीट कॅस्केड’ असं लिहायची मोठी फॅशन आहे. त्याचा अर्थ, मूळ ओळ गेली की तिच्याकडे बोट दाखवणाऱ्या सगळ्या ओळी जातील. निकालाचं टेबल खात्याला जोडलंय आणि पास आउट झालेल्या मुलाचं खातं कुणीतरी डिलीट केलं, तर त्याचे निकालही गेले! निकाल माणसाचा असतो, लॉगिनचा नाही. तो व्यक्ती क्रमांकाला जोडा. आणि खातं बंद करायचं असेल तर ‘बंद’ अशी खूण करा.

आज रात्री एवढं करा

तुमच्या प्रोजेक्टचा डेटाबेस उघडा आणि चार प्रश्न विचारा. लॉगिन नसलेल्या माणसाची नोंद यात बसते का? एका घरातल्या दोघांनी एकच नंबर दिला तर काय होईल? कुणाचं नाव बदललं तर जुनं सापडेल का? खातं बंद केलं तर माणसाचं आणखी काय काय जाईल? एकाचंही उत्तर ‘माहीत नाही’ असं आलं, तर खोट्या नोंदी घालून करून बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

मी ते दहा मिनिटांचं काम केलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात ती मुलगी कॉलेजला आली तेव्हा तिला गाठून सॉरी म्हटलं. ती चिडली नाही. मी फॉर्मवर ‘स्वतःचा मोबाइल नंबर’ असं लिहिलं होतं, ते तिने दाखवलं आणि म्हणाली, ‘अगं, घरात फोनच एक आहे. दुसरा नंबर आणू कुठून?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री मी पहिल्यांदा दोन टेबलं केली.